तळ्याकाठी आलेला वाटसरू

तीर्थयात्रेचे फळ कोणाला मिळते, या प्रश्नाला धर्मशास्त्राने दिलेले एक उत्तर चक्क हिशेबाच्या भाषेत आहे. तीर्थासाठी म्हणूनच ज्याने घर सोडले त्याला पूर्ण फळ. दुसऱ्याच कामाला निघालेला माणूस वाटेत तीर्थ लागले म्हणून उतरला आणि त्याने स्नान केले, तर त्याला निम्मे. कोणा दुसऱ्याच्या वतीने गेला, तर सोळावा हिस्सा. धर्मशास्त्राची वचने संकलित करणाऱ्या निबंधकारांनी हे वचन पुनःपुन्हा उद्धृत केले आहे. वरवर पाहता ते कोरडे वाटते, पण त्यात एक मोठी गोष्ट गृहीत धरलेली आहे. पाणी तेच, पायऱ्या त्याच, मंत्रही तेच असले तरी फळ मात्र येणाऱ्याप्रमाणे बदलते.

मग तीर्थ नेमके असते कुठे? पाण्यात, जागेत, की येणाऱ्यात? महाभारतातच दोन दिशांनी उत्तरे मिळतात. अनुशासनपर्व सांगते, की शरीराचे काही भाग जसे अधिक पवित्र मानले जातात तसे पृथ्वीचेही काही भाग आहेत, आणि त्याची कारणे तीन: भूमीचा प्रभाव, पाण्याचे तेज आणि मुनींचा वास. वनपर्वाचा रोख वेगळा आहे. यज्ञ हे राजांचे आणि श्रीमंतांचे काम. गरिबाला ते झेपत नाही, म्हणून त्याच्यासाठी तीर्थयात्रा. तिचे फळ मात्र हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच. स्कंदपुराणातला काशीखंड याच्याही पुढे जातो. सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह, दया यांनाच तो तीर्थे म्हणतो आणि पाण्यात जन्मून पाण्यातच मरणारे जलचर स्वर्गाला जात नाहीत, याची आठवण करून देतो. तरीही याच काशीखंडाने काशीच्या घाटांचे आणि कुंडांचे माहात्म्य शेकडो श्लोकांत गायले आहे. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात. मन शुद्ध नसेल तर पाण्याचा उपयोग नाही, हे मान्य. म्हणून पाणी सोडून द्यावे, असे मात्र परंपरा म्हणत नाही.

हा सगळा पसारा एका जागी मांडण्याचे काम गिरगावात राहणाऱ्या एका वकिलाने केले. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाच्या 1953 साली निघालेल्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेवर स्वतंत्र विभाग आहे आणि शेवटी तीर्थांची भलीमोठी वर्णानुक्रमी यादी. त्याच विभागात नारायणभट्टांच्या ‘त्रिस्थलीसेतु’ या सोळाव्या शतकातल्या ग्रंथाचा आधार वारंवार येतो. नारायणभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे; वडील रामेश्वरभट्ट काशीला जाऊन स्थायिक झाले. काशीतले विश्वेश्वराचे देऊळ पुनःपुन्हा पाडले गेले, मूळ लिंग राहिले नाही, तर यात्रेकरूने काय करावे? नारायणभट्टांचे उत्तर असे: त्या जागी दुसरे लिंग असेल तर त्याची पूजा करावी, आणि काहीच नसेल तर त्या जागेला प्रदक्षिणा घालून नमस्कार करावा. मूर्ती गेली तरी स्थान जात नाही. परक्या सत्तेखाली जगणाऱ्या समाजाला हा निर्णय किती आधार देणारा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

मुंबईत या निर्णयाची कसोटी पाहायला वाळकेश्वरला जावे. गिरगाव चौपाटीकडून मलबार हिलवर चढणारी सिरी रोडची वाट जुनी आहे. टेकडीच्या पलीकडे दगडी पायऱ्या उतरल्या की बाणगंगेचे चौकोनी तळे लागते. चारही बाजूंनी पायऱ्या, प्रवेशापाशी दगडी दीपमाळा, मध्यभागी एक खांब. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाने तहान लागल्यावर बाण मारला आणि पाताळातून गंगा वर आली, ती जागा हा खांब दाखवतो. पूजेला लिंग हवे होते. लक्ष्मणाला काशीहून यायला उशीर झाला, तेव्हा रामाने वाळूचे लिंग केले, अशी कथा. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तळ्याचे पाणी गोडे, कारण टेकडीवर मुरलेला पाऊस झऱ्याने खाली येतो. विज्ञानाचे हे स्पष्टीकरण आणि बाणाची कथा यांत भाविकाला विरोध दिसत नाही. खाऱ्या पाण्याच्या काठाला गोडे पाणी सापडणे, हाच मुळात कृतज्ञतेचा विषय आहे.

शिलाहारांच्या काळातले इथले जुने देऊळ पोर्तुगीज अमदानीत नष्ट झाले. रामा कामती या धनिकाने 1715 च्या सुमारास देऊळ आणि तळे पुन्हा बांधून काढले. मधल्या काळात मुंबईच्या लोकांनी काय केले असेल, याचे उत्तर नारायणभट्टांच्या निर्णयातच आहे. स्थान जिवंत राहिले म्हणून देऊळ परत उभे राहू शकले.

तळ्याभोवतीची वस्ती म्हणजे एके काळचे छोटेसे विद्येचे गावच. गौड सारस्वतांचे दोन मठ इथे आहेत. कवळे मठ गौडपादाचार्यांची परंपरा सांगणारा, स्मार्त आणि अद्वैती. काशी मठ माध्व परंपरेचा, वैष्णव आणि द्वैती. शिवाय दशनामी गोसाव्यांच्या समाध्या, वेंकटेशाचे, परशुरामाचे देऊळ आणि लहानमोठी शिवालये. अद्वैत्याच्या मते स्नानाने चित्तशुद्धी होते, तेवढेच; मोक्ष ज्ञानानेच. माध्वाच्या लेखी जीव आणि ईश्वर यांच्यातला भेद खरा, म्हणून सेवाही खरी आणि स्नान हा त्या सेवेचाच भाग. इतका मूलभूत मतभेद असलेल्या दोन परंपरा एकाच तळ्याला लागून आहेत आणि पाणी कोणाचे, यावरून त्यांचे तत्त्वज्ञान अडत नाही. संन्यासी हा तर नेमाने प्रवासी. त्याने एका गावी फार दिवस राहू नये, असा दंडक. फक्त पावसाळ्याच्या चातुर्मासात त्याने मुक्काम करायचा. म्हणजे तळ्याकाठचा विद्वानही वाटसरूच, आणि त्याच्याकडे शिकायला येणाराही.

भाद्रपदात, पितृपक्षात इथे यावे. पायऱ्यांवर ठिकठिकाणी गुरुजी बसलेले असतात. समोर शर्टाची बाही वर करून, उपरणे खांद्यावर टाकून बसलेला कोणी लालबागचा, कोणी डोंबिवलीचा. दर्भाचे पवित्रक बोटात, तांब्यात तीळ घातलेले पाणी, केळीच्या पानावर भाताचे पिंड. गोत्र विचारले की अनेकांना मोबाईलवर घरी फोन करून खात्री करावी लागते. आजोबांचे नाव येते, पणजोबांचे अडते. पिंड पाण्यात जातात, बदके आणि मासे जमतात. सर्वपित्री अमावास्येला गर्दी एवढी, की अनेक वर्षे या दिवसांनंतर तळ्यात मासे मेल्याच्या बातम्या आल्या आहेत. पितरांच्या तृप्तीसाठी केलेल्या दानाने जिवंत जीव गुदमरत असतील, तर हे दान नव्याने विचारात घ्यायला हवे. ते पाण्याबाहेर, गाईला देण्याची मुभा शास्त्रातच आहे.

बाणगंगेचे पाणी टिकले. मुंबईची बाकीची बहुतेक तळी गेली. मुंबादेवीचे तळे बुजले, गवालिया टँकचे मैदान झाले, धोबी तलाव आणि सी. पी. टँक ही नावे तेवढी उरली. धोबी तलाव हे तर तळ्याकाठच्या विद्येच्या गावाचे मुंबईतले दुसरे उदाहरण: आसपास 1869 साली निघालेले सेंट झेवियर्स, एल्फिन्स्टन हायस्कूल, फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट. विद्यार्थी आजही तिथेच उतरतात, तळे मात्र दिसत नाही. विहार तलावाचे पाणी 1860 साली नळाने शहरात आले आणि तळ्यांची गरज संपत गेली. त्यातच नारू आणि हिवताप. डॉ. बेंटली यांनी 1911 साली मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला आणि डासांची पैदास होणाऱ्या विहिरी बंद करण्याचा आग्रह धरला. हिंदू आणि पारशी, दोघांनीही हरकत घेतली. पूजेच्या पाण्याला उघडे आभाळ हवे, ही श्रद्धा दोन्ही धर्मांत होती. चर्चगेटजवळची 1725 सालची भिखा बेहराम विहीर आजही पारशी समाज जपतो. इथे नारायणभट्टांचा निर्णय पुरा पडत नाही. काशीला देव गेला तरी जागेला प्रदक्षिणा चालू राहिली. धोबी तलावाला कोणी प्रदक्षिणा घालत नाही. स्थान आपोआप टिकत नाही. लोक येत राहतात तोवरच ते असते, हे मान्य केल्याशिवाय हा फरक समजत नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्न. तीर्थ येणाऱ्याला शुद्ध करते, हे तर तीर्थाचे लक्षण. मग येणाऱ्याने पाणी बाटते, हे कसे? तीर्थयात्रा सर्व वर्णांच्या स्त्री-पुरुषांना खुली, असे वचन काणे यांनी नमूद केले आहे. व्यवहारात मात्र गावोगावची तळी बंद होती. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी 1923 साली ठराव आणला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. तो मंजूर झाला. दादरमधला एस. के. बोले मार्ग त्यांच्याच नावाचा. त्या ठरावाला धरून महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, कागदावर. तेव्हा परळच्या चाळीत राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर 20 मार्च 1927 रोजी हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले.

या घागरींतच तर्काचा पराभव आहे. जे पाणी माणसाच्या पिण्याने अपवित्र होते, ते कोणाचे पाप धुणार? आणि जे पाप धुऊ शकते, ते कोणाच्या ओंजळीने का बाटावे? दोन्ही विधाने एकदम खरी असू शकत नाहीत. सवर्ण समाजाने दोन्ही शेकडो वर्षे एकत्र मानली, ही मराठी धार्मिक इतिहासातली सर्वांत वेदनादायक विसंगती आहे. न्यायालयात तळे खाजगी असल्याचा दावा झाला, तो 1937 साली उच्च न्यायालयाने फेटाळला. बाबासाहेबांचा आग्रह मात्र पुण्याचा नव्हताच. माणूस म्हणून हक्क आहे, तो बजावण्यासाठी ते आले होते. येणाऱ्याच्या हेतूने फळ बदलते, हे जुने वचन इथे लावले तर महाडचे फळ कोणत्याही स्नानापेक्षा मोठे ठरते.

बोल्यांच्या ठरावात पाणवठ्यांबरोबर धर्मशाळाही होत्या, हे विसरता कामा नये. वाटसरूचा धर्म पाण्याइतकाच निवाऱ्याशी बांधलेला आहे. गाडगे महाराजांनी हे ओळखले. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे त्यांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या संस्थेकडे सोपवली. मुंबईत त्यांच्या मिशनची धर्मशाळा दादरला आहे आणि तिथे उतरणारे बहुतेक जण देवासाठी आलेले नसतात. ते येतात 1941 पासून कर्करोगावर उपचार करणाऱ्या परळच्या टाटा रुग्णालयात. बरोबर भाऊ, बायको, आई. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत यातले काही सिद्धिविनायकाला जातात, काही विचारत विचारत बाणगंगेपर्यंत पोचतात, पायऱ्यांवर बसून पाय धुतात आणि परत दादरची बस धरतात. जुन्या वचनाप्रमाणे ते ‘दुसऱ्या कामाला आलेले’, म्हणून निम्म्या फळाचे धनी. सोबत आलेला तर दुसऱ्यासाठी आलेला. त्याच्या वाट्याला सोळावा हिस्सा. गाडगे महाराजांच्या धर्मशाळांचा धडा मानला तर ही मोजणी उलटी करावी लागते. आजाऱ्याला हाताला धरून त्या दगडी पायऱ्या उतरवणारा आणि वर चढवणारा, पूर्ण फळ त्याचे.