अश्वत्थाम्याचं लांबलेलं आयुष्य

॥ श्रीकृष्णाय नमः ॥

आजचे वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध १, अध्याय ७



दिवाळीच्या पहाटे आम्हाला तेल लावण्याआधी आई बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर सोडायची. म्हणायची, "हे अश्वत्थाम्याचं." त्याच्या कपाळावरची जखम अजून भरलेली नाही, तो तेल मागत फिरतो, ही तिची श्रद्धा. सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत याच श्रद्धेने यात्रा भरते.

मला तेव्हा कोडं पडायचं. चिरंजीव हा तर आशीर्वाद! लग्नपत्रिकेत मुलाच्या नावामागे आपण 'चि.' लिहितो. मग याला तो शाप कसा?

महाभारताच्या सौप्तिक पर्वात भगवंताचे शब्द पाहा. ३००० वर्षे भटकशील एवढ्यावर ते थांबत नाहीत. सोबतीला कोणी नसेल, बोलायला कोणी नसेल, हेही सांगतात. खरा शाप तिथे आहे. हनुमंतही चिरंजीवच ना? पण पृथ्वीवर रामकथा आहे तोवर राहावं, हे त्याने स्वतः मागून घेतलं. त्याच्या आयुष्यात प्रेम भरलेलं आहे, म्हणून ते लांबलं तरी ओझं होत नाही.

आणि अश्वत्थाम्याला प्रेम मिळालं नव्हतं असंही नाही. घरात दूध नव्हतं, तेव्हा हे पोर पाण्यात कालवलेलं पीठ दूध समजून प्यालं आणि आनंदाने नाचलं. ते पाहून द्रोणाचार्यांचं काळीज तुटलं. पुढे "अश्वत्थामा गेला" एवढं ऐकून त्याच बापाने रणांगणात शस्त्र खाली ठेवलं. मुलाने मात्र त्या प्रेमाचा सूड केला. रात्री झोपेत असलेली द्रौपदीची पाच मुलं मारली.

आता आजचा अध्याय. अर्जुन त्याला बांधून द्रौपदीपुढे आणतो. आणि ती म्हणते, सोडा याला! मी जशी रडते आहे, तशी याची आई कृपी रडायला नको. मंडळी, मी इथे पोथी मिटून बसलो. पाच मुलं गेलेली बाई शत्रूच्या आईचा विचार करते. अश्वत्थाम्याचा मणी काढून त्याला हाकलून दिलं जातं. त्याच्याकडे वर्षंच वर्षं उरली, पण जिच्यापाशी चार शब्द बोलावेत असं माणूस उरलं नाही.

वाचताना दादा आठवला. घराच्या वाटणीवरून आमचं बिनसलं, त्याला ३ वर्षं झाली. एक शब्द नाही. बोलायला कोणी नसेल, हा शाप मला कुणीही दिला नव्हता. मीच तो ओढवून घेतला आणि वर त्याला स्वाभिमान म्हणत राहिलो. आई असती तर आम्हा दोघांसाठीही रडली असती.

दादाला सत्तरी लागलीय. अश्वत्थाम्यासारखी ३००० वर्षं आमच्या हाती नाहीत, ही देवाची कृपाच म्हणायची. वेळ अमाप असता तर मी आणखी शंभर वर्षं रुसून बसलो असतो.

आजचा संकल्प : हे लिहून झालं की दादाला फोन करायचा. वाटणीचा विषय काढायचा नाही, फक्त "जेवलास का?" विचारायचं. तुमच्याही मनात असं एखादं नाव असेल, तर आजचा दिवस जाऊ देऊ नका.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥