वेलीचा जामीन

आपल्यामागेही वाढत राहील अशी गोष्ट लावायचा आपल्याला हक्क आहे का? वड-पिंपळ लावणाऱ्याला हे कुणी विचारत नाही, त्याला पुण्यच लागतं. विस्टेरिया लावणाऱ्याला मात्र विचारायला हवं, असं मी गेली काही वर्षं म्हणते आहे. घरातले आता त्याला कंटाळले आहेत.

फिलाडेल्फियाच्या उपनगरात आम्ही राहतो. घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणातला लाकडी मांडव आणि त्यावरची चिनी विस्टेरिया घरासोबतच आली. आधीच्या मालकीणबाईंनी तरुणपणी लावलेली. एप्रिल सरता सरता, पानं पुरती फुटायच्या आत, वीतभर लांबीचे जांभळे घोस लोंबू लागतात आणि भुंग्यांमुळे मांडव नुसता गुणगुणत असतो. विस्टेरिया हे नाव याच शहरातलं. इथल्या विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणारे कॅस्पर विस्टार 1818 मध्ये वारले, आणि त्याच वर्षी थॉमस नटॉल यांनी त्यांच्या स्मरणार्थ ते ठेवलं. म्हणजे नाव इथलं आणि माझ्या अंगणातली वेल चीनची.

वेल म्हटली की आपल्या मनात काही ठरलेलं असतं. ती नाजूक, परावलंबी, तिला झाडाचा आधार हवा. संस्कृत काव्यापासून आपण बायकांनाही हेच सांगत आलो. विस्टेरियाने हा सगळा अलंकार उलटा केला आहे. ती झाडाला वेढे घालत चढते आणि मग जाड होते, मांडीएवढी. झाडही जाड होत असतं. दोघांच्या मध्ये साल चेपते आणि पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणारा मार्ग तुटतो. वर तिची पानं झाडाचं ऊन अडवतात. काही वर्षांनी झाड उभ्या उभ्या वाळतं.

यातली मला छळणारी गोष्ट अशी, की ती बांडगूळ नाही. झाडाचा रसाचा एक थेंबही ती घेत नाही. मुळं तिची स्वतःची, पानं स्वतःची. शेंगवर्गातली असल्यामुळे हवेतला नत्रही ती जिवाणूंच्या मदतीने स्वतः मिळवते. तिला फक्त उंची हवी असते. ना चोरी, ना द्वेष, तरी समोरचा मरतो. आपलं नीतिशास्त्र बहुतेक हेतूपाशी घुटमळतं. इथे हेतू नावाची वस्तूच नाही, तर जाब कुणाला विचारायचा?

वेलीला नक्कीच नाही. तिला इथे शिव्या फार पडतात : परकी, घुसखोर, आक्रमक. तीस वर्षं या देशात काढलेल्या मराठी बाईने हे शब्द ऐकले की कान टवकारतातच. पण या सहानुभूतीवर मी विसंबत नाही. झाडं म्हणजे माणसं नव्हेत, आणि माझ्या व्हिसाच्या रांगेचा या वेलीशी काही संबंध नाही. शिवाय जपानात विस्टेरिया अस्सल देशी आहे, तरीही तिथल्या जंगलात कामगारांना झाडांवरच्या वेली तोडत फिरावं लागतं. हा नेमाने करायच्या वनकामाचा भाग आहे. परकेपणा हे काही मूळ कारण नव्हे. कुणी कापणारं आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

कापण्याबद्दल मला थोडं कळतं, कारण माझं आजोळ निफाडकडचं. द्राक्षाला वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. विस्टेरियाचंही दोनदाच. फुलं ओसरल्यावर, जुलै-ऑगस्टात, चाबकासारखे सुटलेले नवे फुटवे पाच-सहा पानांवर आणायचे. ऐन थंडीत तेच दोन-तीन डोळ्यांवर. खत जवळजवळ नाहीच, कारण नत्र जास्त झाला की नुसता पाला माजतो. मामा म्हणायचे, बागेला कात्रीची दया येऊ देऊ नये. लहानपणी मला ते क्रूर वाटे. पण इथे छाटणी थांबवणं म्हणजेच वेलीला जगात मोकाट सोडणं. आमच्या कुंपणापलीकडे सरकारी जंगलाचा पट्टा आहे. ट्युलिप पॉप्लरची उंच झाडं आहेत. जमिनीलगत सुटलेला एखादा फुटवा मुळं धरत तिकडे सरकतो. दर उन्हाळ्यात मी ते शोधत गुडघ्यांवर फिरते.

कॅलिफोर्नियात सिएरा माद्रे इथे 1894 मध्ये अशीच एक चिनी वेल लावली गेली. रोपाची किंमत 75 सेंट होती म्हणतात. तिने एकराहून जास्त जागा व्यापली आणि जिच्या आधाराने वाढली ते घरच मोडलं. लोकांनी घर पाडलं, वेल ठेवली. आता तिची जत्रा भरते. तिकडे जपानात आशिकागाच्या उद्यानात 1996 मध्ये शंभरावर वर्षांची वेल वीस किलोमीटरवरून हलवली, खोडाला मोडक्या हाताला घालतात तसं प्लास्टर घालून. या दोन्ही गोष्टी लोक कौतुकाने सांगतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र वेलीला जामीन राहिलेली माणसं येतात. कुठे एक अख्खं गाव, कुठे पगारी माळ्यांची फौज. आमच्या मांडवाला मी एकटी आहे आणि माझे गुडघे.

दोन वर्षांत आम्ही हे घर विकणार. घेणारा कात्री धरेल अशी अट विक्रीच्या कागदावर घालता येत नाही. ‘विकलं की जबाबदारी संपली,’ असं नवरा म्हणतो. कायद्याने ते बरोबरच आहे. पण ज्याला धोका ठाऊक नाही त्याच्या हाती धोका देऊन मोकळं होणं मला पटत नाही. आणि त्या पॉप्लरांना तर कुणी खरेदी-विक्रीत विचारलेलंच नाही.

दुसरी बाजूही हलकी नाही. मालकीणबाईंची मुलगी दर वर्षी बहरात फोन करून येते, मांडवाखाली खुर्चीवर तासभर बसते, बोलत काही नाही. तिच्या आईचं इथे एवढंच उरलंय. या तासाला जंगलाच्या तराजूत घालायला माझ्याकडे वजनं नाहीत. तरीही मी कापायच्या बाजूने आहे. दुःखाला दुसरी जागा सापडू शकते, साल कापलेल्या झाडाला दुसरी साल मिळत नाही.

कापणंही एका दिवसाचं नाही. बुंधा तोडला की मुळांतून फुटवे येतात, ते दोन-तीन वर्षं पुन्हापुन्हा काढावे लागतात. म्हणजे घर विकायच्या सुमारास विचार करू म्हणणं हे न कापण्याचंच दुसरं नाव. येत्या बहरानंतर सुरुवात करायची, आणि मांडवावर अमेरिकेतली देशी विस्टेरिया लावायची. तिचे घोस आखूड असतात, पण ती एवढी माजत नाही. मुलीला मी बहराआधीच कळवणार आहे, म्हणजे या खेपेला तिला हवं तितका वेळ बसता येईल.