न घडलेल्या रोगाचे प्रमाण

वनस्पतीच्या अर्काने कर्करोग टाळता येतो का, हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा असला, तरी त्याच्या मुळाशी ज्ञानाचा प्रश्न आहे: जो रोग झालाच नाही, तो अमुक कारणाने झाला नाही, असे म्हणण्याचा अधिकार माणसाला कशाच्या आधारे मिळतो? वऱ्हाडात हा प्रश्न नुसता तात्त्विक उरत नाही. मेळघाटात कोरकू समाजाचे भूमके, म्हणजे पारंपरिक वैदू, पिढ्यान्‌पिढ्या झाडपाला देत आले आहेत, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने नागार्जुनाच्या नावाने वनौषधी उद्यान जोपासले आहे, आणि त्याच अमरावती-अकोल्याच्या पानठेल्यांवर तंबाखू, सुपारी व चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा दिवसभर विकला जातो.

चरकसंहिता यथार्थ ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानते: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. भूमक्याचे सांगणे हा आप्तोपदेश, म्हणजे विश्वासू जाणत्याचा शब्द. तो संशोधनाची दिशा दाखवतो, पण तेवढ्याने निर्णय होत नाही. प्रयोगशाळेत सावलीत वाळवलेली पाने कुटून मद्यार्कात भिजत घालतात, गाळलेला द्रव आटवून उरलेला चिकट अंश बशीत वाढवलेल्या कर्कपेशींवर टाकतात आणि त्यात एक पिवळे रंगद्रव्य मिसळतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात, म्हणून जांभळा रंग जितका फिका, तितक्या अधिक पेशी मेल्या असे समजतात. हे प्रत्यक्ष खरे, परंतु ते बशीतल्या पेशींचे आहे, आणि पुरेशा मात्रेत साधे मीठही त्या पेशी मारू शकते.

बशीवरून माणसाकडे जाणे हे अनुमान होय, आणि अनुमान कोठे फसते ते न्यायदर्शनाने फार बारकाईने सांगितले आहे. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान टिकत नाही, कारण धुरासाठी सरपण ओले असावे लागते. अशा नजरेआड राहिलेल्या अटीला उपाधी म्हणतात. अर्काच्या बाबतीत पचन, यकृतात होणारे रूपांतर आणि रक्तात प्रत्यक्ष पोहोचणारी मात्रा या उपाधी आहेत. हळदीतील कर्क्युमिन बशीत प्रभावी ठरते, पण पोटात घेतल्यावर त्याचा फारच थोडा अंश रक्तात उतरतो.

प्रतिबंधाची अडचण याहून खोल आहे. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वी तिचा जो अभाव असतो, त्याला नैयायिक प्रागभाव म्हणतात; प्रतिबंध म्हणजे रोगाचा प्रागभाव टिकवणे. तुळशीचा काढा नित्य घेणाऱ्या एखाद्याला कर्करोग झाला नाही, तर काढा नसता तरी तो झाला नसता की काय, हे त्या एका आयुष्यात कधीच कळू शकत नाही. ते कळते दोन मोठ्या समूहांची वर्षानुवर्षे तुलना केल्यावर. गाजरासारख्या भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, म्हणून फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्या भाज्यांतील बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांची चाचणी झाली. 1994 मध्ये निष्कर्ष आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक निघाला.

म्हणून चिकित्सा आणि प्रतिबंध यांचा धर्मही वेगळा ठरतो. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्ब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन ही औषधे कर्करोगाच्या उपचारात वापरली जातात आणि मुलांच्या रक्तकर्करोगात व्हिन्क्रिस्टिनचे स्थान मोठे आहे. ती विषारी आहेत, तरी मृत्यूच्या दारातील रुग्णासाठी तो धोका पत्करणे योग्य ठरते. निरोगी माणसाला मात्र, जो रोग त्याला कदाचित कधीच होणार नाही त्याच्या भयाने, हानीची शक्यता असलेला अर्क देणे अहिंसेच्या कसोटीला उतरत नाही.

प्रतिबंधाची हमी देणारा आणखी एक अन्याय करतो: रोग झालाच, तर दोष आपोआप रुग्णाच्या माथी येतो. मोझरीच्या गुरुकुंजातून व्यसनमुक्ती, स्वच्छता आणि ग्रामआरोग्य शिकवणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 मध्ये कर्करोगानेच गेले. रामकृष्ण परमहंस 1886 मध्ये आणि रमण महर्षी 1950 मध्ये याच रोगाने गेले. त्यांच्या देहाला झालेला रोग हा त्यांच्या आचरणाचा हिशेब नव्हता, आणि जे संतांना लागू आहे तेच शेतमजुराला आणि त्याच्या घरधनिणीलाही लागू असले पाहिजे.

चौथे प्रमाण जी युक्ती, ती अनेक कारणांच्या संयोगातून कार्य कसे घडते हे ओळखणारी बुद्धी होय, आणि द्रव्य औषध ठरते की विष, हे चरकाच्या मते योजनेवर अवलंबून असते. सुपारी आणि तंबाखू याही वनस्पतीच आहेत, आणि तंबाखूविना खाल्लेली सुपारीसुद्धा कर्ककारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये दिला आहे. वऱ्हाडात कर्करोग टाळण्याचा सर्वांत भक्कम पुरावा कोणत्याही अर्काच्या बाजूने नाही, तर खर्रा सोडण्याच्या बाजूने आहे. तो सोडणाऱ्यालाही संपूर्ण हमी मिळत नाही, धोका मात्र खरोखर घटतो. भारतीय परंपरेने अभयदान हे श्रेष्ठ दान मानले आहे, परंतु प्रमाणाच्या पलीकडे दिलेले अभय हे दान नसून असत्य आहे. वनौषधींवर प्रेम असणाऱ्याने म्हणूनच त्यांची कठोर परीक्षा मागावी, आणि ती पुरी होईपर्यंत जेवढे सिद्ध झाले आहे तेवढेच अभय लोकांना द्यावे.