नंबर आहे, पण नाव माहीत आहे का?

आजचं वाचन : योहान १:४३-५१



आजचा उतारा आपल्या ओळखीचा आहे. येशू फिलिप्पाला बोलावतो. फिलिप्प जाऊन नथनेलाला गाठतो आणि सांगतो, आपण ज्याची वाट बघत होतो तो सापडला, नासरेथचा येशू. नथनेल तिथंच अडतो. नासरेथसारख्या गावातून काय चांगलं निघणार, असा त्याचा रोखठोक सवाल. फिलिप्प वाद घालत नाही, पुरावे देत बसत नाही. स्वतः येऊन बघ, एवढंच सांगतो. आपल्या कोल्हापुरी भाषेत म्हणायचं तर, "ये की, बघ तरी!"

हा उतारा मी कितीदा वाचला असेन. पण गेल्या नाताळाच्या आधी तो मला खरा लागला. कसा, ते सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगायला हवं.

नोव्हेंबरात पाळकसाहेब म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला. यंदा नाताळच्या कार्यक्रमाचं आमंत्रण तू बघ." मी खूश. छान पोस्टर केलं, क्यूआर कोड टाकला, गुगल मॅपची लिंक जोडली. मग नंबर गोळा केले. मंडळीचे, संडे स्कूलच्या पालकांचे, आणि आम्ही पावसाळ्यानंतर घेतलेल्या मोफत नेत्रतपासणी शिबिराच्या रजिस्टरमधले. एकूण ४१२.

व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केल्या. तिथं एक गंमत आहे. ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे, त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. शिबिरातल्या लोकांकडे माझा नंबर कुठून असणार? त्यांच्यापुढं एकच टिक. खरं तर ते अॅपच मला सांगत होतं, "बाबा रे, ही माणसं तुला ओळखत नाहीत." पण मी इंजिनियर. अडचण दिसली की वळसा शोधायचा, ही सवय. मी सरळ ग्रुप काढला आणि सगळ्यांना त्यात टाकून दिलं.

तासाभरात 'लेफ्ट', 'लेफ्ट', 'लेफ्ट' सुरू झालं. बरेच जण न बोलता निघून गेले. एका ताईंचा मात्र मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. "दादा, हा नंबर मी आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी दिला होता."

बस, एवढंच. राग नाही, शिवी नाही. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

कारण त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ऑफिसात आम्हाला डेटा प्रायव्हसीचं ट्रेनिंग असतं. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या मुळाशी साधी गोष्ट आहे : माणसानं ज्या कामासाठी माहिती दिली, त्याच कामासाठी ती वापरायची. सोमवार ते शुक्रवार हे मला पाठ असतं. रविवारी मी ते विसरलो, कारण काम 'प्रभूचं' होतं. हेतू चांगला असला की आपल्याला सगळं माफ असतं, असं मी मनात धरून चाललो होतो.

आणि यात आणखी एक वाईट होतं. त्या माउलीचे डोळे तपासले ते प्रेमापोटी, असं आम्ही म्हणत होतो. माझ्या एका क्लिकनं ते प्रेम गळाला लावलेल्या आमिषासारखं दिसू लागलं. शिबिरात ज्यांनी मनापासून राबून सेवा केली, त्यांच्या सेवेवरही मी डाग लावला.

प्रकटीकरण ३:२० मध्ये येशू दाराबाहेर उभा राहून दार ठोठावतो. जगाचा प्रभू असून तो दार ढकलत नाही. आतल्यानं आवाज ऐकायचा, आतल्यानंच दार उघडायचं. मी काय केलं होतं? न ठोठावता आत शिरून चारशे घरांत खुर्ची टाकून बसलो होतो.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, लूक १४ मधला यजमान तर चाकराला आग्रह करून लोकांना आणायला सांगतो! बरोबर आहे. पण आग्रह म्हणजे काय, हे आपल्या पंगतीत बसलेल्याला सांगावं लागत नाही. वाढणारा भांडं घेऊन समोर उभा असतो, तुमच्या तोंडाकडं बघत असतो. तुम्ही ताटावर आडवा हात धरलात की तो थांबतो. समोर माणूसच नसेल तर हात आडवा आलेला दिसणार कसा? आणि त्याच दाखल्यात ज्यांनी आधी नकार दिला, त्यांना कोणी ओढून आणलं नाही. चाकर गल्लीबोळांत गेला तोही स्वतःच्या पायांनी.

मग तंत्रज्ञान वाईट का? मुळीच नाही. पंडिता रमाबाईंनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच छापलं गेलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. छापखाना हे त्या काळचं तंत्रज्ञानच. आमच्या मंडळीतल्या एक आजी अंथरुणाला खिळून आहेत. रविवारचं लाइव्ह सुरू व्हायला दोन मिनिटं उशीर झाला तर त्यांचा फोन येतो. त्यांच्यासाठी तो कॅमेरा म्हणजे चर्चचं दारच.

पण छापलेलं पुस्तक हातात कोण देतो, याला महत्त्व आहे. नारायण वामन टिळकांची गोष्ट बघा. रेल्वेच्या डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. ते आधी टिळकांशी बोलले, कवितेवर, धर्मावर गप्पा झाल्या, आणि मग त्यांनी नव्या कराराची प्रत दिली. रेल्वे होती, छापील पुस्तक होतं, पण मध्ये एक माणूस होता. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्याचा जबर धक्का बसला. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परत आल्या, तरी श्रद्धेचा प्रश्न त्यांनी आपला आपण सोडवला. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. इतकी वर्षं थांबायची आपली तयारी आहे? आपल्याला तर निळी टिक यायला दहा मिनिटं लागली तरी चैन पडत नाही.

आपल्या कोल्हापुराचंच एक उदाहरण आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथं आले. वायल्डर मेमोरियल चर्चमुळं हे नाव आपल्याला माहीत आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथंच, कोल्हापुरात जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं मोठं शिबिर भरलं. शिबिर संपेपर्यंत शंभर तरुणांनी मिशनकार्याला जायची तयारी दाखवली. तिथं भाषणं झालीच, पण रॉबर्ट आणि त्याचे सोबती एकेकाला गाठून बोलत होते. आधी थोडेच होते, ते असे एकेक करून शंभर झाले. आणि मी एका मिनिटात ४१२ केले होते!

त्या रात्री मी ग्रुपवर माफी मागितली आणि ग्रुप बंद केला. त्या ताईंना फोन केला. "चूक माझी होती. तुमचा आणि शिबिरातल्या सगळ्यांचा नंबर मी यादीतून काढलाय." त्या म्हणाल्या, "बरं." फोन ठेवला. मग पाळकसाहेबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "शिबिराचं रजिस्टर यापुढं फक्त डॉक्टरांकडं राहील."

त्या ताई नाताळला आल्या नाहीत. चमत्कार घडला, असं मी लिहिणार नाही. त्यांना नाही म्हणायचा पूर्ण हक्क होता.

पण नाताळच्या संध्याकाळी मी गेटजवळ एक दृश्य बघितलं. मंडळीत एक निवृत्त सिस्टर आहेत, चाळीस वर्षं नर्स म्हणून राबलेल्या. त्या शाल पांघरून थंडीत उभ्या. मी म्हटलं, "मावशी, आत बसा की." तर म्हणाल्या, "शेजारणीला सांगितलंय, सातला मी गेटवर उभी असते म्हणून. ती आली आणि मी नसले तर?" सव्वासात झाले. शेजारीण आली, नातवाला घेऊन, जरा बुजत. मावशींनी नातवाचा हात धरला आणि तिघं आत गेली.

मी पोस्टर पाठवलं होतं. मावशींनी शब्द दिला होता. माझ्या पोस्टरला कोणी आलं नाही तर माझं काय जाणार होतं? शेजारीण आली नसती तर मावशी थंडीत ताटकळल्या असत्या. मला वाटतं, फरक इथं आहे. आमंत्रण देणारा स्वतः त्यात थोडा अडकतो. त्याला वाट बघावी लागते, नकार ऐकावा लागतो.

आता पुन्हा नथनेलाकडं या. त्यानं तोंडावर शंका घेतली, आणि येशूनं त्याला काय म्हटलं? याच्यात कपट नाही, अशी त्याची स्तुती केली. शिवाय फिलिप्पानं हाक मारायच्या आधीच येशूनं त्याला अंजिराच्या झाडाखाली पाहिलं होतं. नथनेल त्याच्यासाठी यादीतला एक नंबर नव्हता. त्या ताईंचा मेसेज आठवला की मला वाटतं, माझी नथनेल तीच होती. बाकीचे गुपचूप गेले. तिनं सरळ सांगितलं, आणि माझे डोळे तपासले गेले.

आज एवढंच करू या. फॉरवर्ड करण्याआधी एकच नाव मनात आणा. त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग फोन करा, किंवा चहाला भेटा. तो नाही म्हणाला, तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा चहा प्या, आमंत्रणाशिवाय.

प्रार्थना : प्रभू येशू, तू आम्हाला नावानं ओळखतोस, दाराबाहेर थांबतोस. आमच्या हातातल्या फोनपेक्षा आमचे पाय आणि कान तुझ्या कामी येऊ देत. ज्यांचा विश्वास आम्ही मोडला, त्यांची क्षमा मागायचं धैर्य दे. आमेन.