माझी बोअर, माझं पाणी

साकोली तालुक्यातल्या सानगडीच्या भागात धानाच्या बांधीची भिस्त पूर्वी तलावावर असायची. भंडारा जिल्ह्यातले मालगुजारी तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. पाळ फुटली तर सगळ्यांचीच रोवणी वाहून जाणार, म्हणून माती टाकायला गाव जायचं. पाणी आधी कुणाच्या बांधीत सोडायचं यावरून भांडणंही व्हायची. पण भांडायला समोर माणूस असायचा.

अशा गुंत्याचा हिशेब त्रिं. ना. आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’त मांडला, तोही गाड्याच्या कुरकुरीसकट. त्याआधी 1893 मध्ये एमिल दुर्खाइमने फ्रान्समध्ये लिहून ठेवलं होतं की कामं जितकी वाटली जातील, तितकी माणसं एकमेकांत अडकतील. यंत्रांनी समाज विस्कटणार अशी ओरड चालू असताना त्याने हे उलटं सांगितलं.

मग 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत खेड्याच्या गोडव्यांवरच घाव घातला. ज्याच्या वाट्याला हे परस्परावलंबन वेठ आणि अपमान होऊन आलं, त्याला अनोळखी यंत्रणेवर विसंबणं ही सुटकाच वाटणार. सक्तीच्या श्रमविभागणीबद्दल दुर्खाइमनेही लिहिलं आहे, पण सोसणाऱ्याची बोच आंबेडकरांकडेच सापडते.

1951 ला मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले, आणि गाळ काढायला गावाने जाणं हळूहळू कमी झालं. पुढे बोअर आली, मोटर आली. माझी बोअर, माझं पाणी; कुणाच्या तोंडाकडे पाहायला नको. हा अभिमान खोटा नव्हता, फक्त अर्धा होता; मोटरची वीज तर बाहेरूनच येते. जुलै 2012 मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची वीजजाळी कोसळून 60 कोटींहून अधिक लोकांच्या भागातली वीज गेली. पश्चिमेचं जाळं टिकल्याने आपण तेव्हा वाचलो. पुढे 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं. तेव्हापासून सानगडीच्या शिवारातली मोटर आणि चेन्नईतला पंखा एकाच 50 हर्ट्झच्या ठेक्यावर चालतात. मोटरचं बटण दाबलं की शेकडो कोसांवरच्या जनित्रावर तिळाएवढा का होईना, भार पडतो. शेतीच्या स्वस्त विजेचा बोजा काही अंशी कारखान्यांच्या वीजदरात जातो, म्हणजे भोसरीतला कारखानदारही या बांधीला पाणी देतो. त्याला ते ठाऊक नाही, आणि बांधीवाल्यालाही नाही.

डीपी, म्हणजे शिवारातलं रोहित्र, जळली की मात्र सगळं उघडं पडतं. धान फुलोऱ्यावर, बांधी भेगाळलेली, आणि एका डीपीवरचे सगळे शेतकरी लाईनमनच्या फोनवर. एरवी बांधावरून न बोलणारे दोघे वर्गणी काढून ट्रॅक्टरने डीपी न्यायला निघतात.

यावर आता सौर पंपाचा उतारा आहे. लाईनची कटकट नाही, रात्रीची जागरणं नाहीत. पुन्हा तेच ऐकू येतं: आता कुणाची गरज नाही. सौर पॅनेलसाठी लागणारं सिलिकॉन मात्र बहुतेक चीनमध्ये तयार होतं, आणि कंट्रोलर बिघडला तर कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबावं लागतं.