परसातील हळद्या आणि मालकीचा मोह

परभणीतील उन्हाळ्याची सकाळ. फज्रच्या नमाजनंतर परसात आलो, तो कडुनिंबाच्या पालवीत एक पिवळाधमक पक्षी दिसला. डोळ्यावरून ओढलेली काळी रेघ, काळे पंख, गुलाबी चोच. तो नर हळद्या होता. हा पक्षी लाजरा. दाट पानांआडून सहसा बाहेर येत नाही. शेजारी उभा असलेला माझा नऊ वर्षांचा मुलगा क्षणभर स्तब्ध झाला आणि लगेच त्याने विचारले, याला पकडून पिंजऱ्यात ठेवता येईल का?

प्रश्न मुलाचा असला तरी तो बालिश नव्हे. जे सुंदर दिसते ते आपल्याच ताब्यात असावे, असे माणसाला का वाटते? उत्तर देताना माझी जीभ अडखळली. त्याच्याच वयाचा असताना मी एका ढोलीतून पोपटाचे पिल्लू काढून आणले होते. त्याची आई दोन दिवस आमच्या छपरावर आक्रोश करीत होती. तिसऱ्या दिवशी पिल्लू मेले.

पुढे अबू दाऊद यांच्या संग्रहातील एक हदीस वाचनात आली आणि ते छप्पर पुन्हा डोळ्यांसमोर उभे राहिले. माननीय अब्दुल्लाह बिन मसऊद (र.) सांगतात की, एका प्रवासात सोबत्यांनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पंख फडफडवीत घिरट्या घालू लागली. अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) आले, त्यांनी तिला दुःख कोणी दिले हे विचारले आणि पिल्ले परत करण्याची आज्ञा केली. पक्षिणीचे दुःख हेही दुःखच आहे, हे त्या आज्ञेने कायमचे ठरवून दिले.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. माननीय अनस (र.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याजवळ एक छोटा पक्षी होता. तो मेला तेव्हा प्रेषितांनी (स.) मुलाला रागावले नाही, त्याचे मन रमविले. यावरून अनेक विद्वानांनी दाणापाणी व निगा राखून पक्षी पाळणे वैध मानले आहे. तेव्हा पाळणे हराम आहे, असे मुलाला सांगणे योग्य झाले नसते. परंतु जे वैध आहे ते प्रत्येक वेळी उत्तमही असते काय? शिवाय हळद्या किंवा पोपट यांसारखे रानपक्षी पकडण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.

पवित्र कुरआन पक्ष्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हणतो (६:३८) आणि प्रत्येकाला आपली प्रार्थना व तसबीह ठाऊक असल्याचे सांगतो (२४:४१). ज्याचे स्वतःचे इबादतीचे जीवन आहे, तो केवळ आपल्या अंगणाची शोभा कसा ठरेल?

मग सौंदर्याचे करायचे काय? त्याची ओळख करून घ्यायची. मुंबईचे डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांनी बालपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही खाणे योग्य आहे का, हा प्रश्न घेऊन ते मामांकडे गेले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले आणि तेथून त्यांचा पक्षिशास्त्राचा प्रवास सुरू झाला. पुढे १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. हलाल-हरामची एक साधी शंका ज्ञानाचे दार ठरली. सृष्टीतील नाना रंगांचा उल्लेख करून लगेचच कुरआन ज्ञानवंतांच्या ईशभयाबद्दल बोलतो (३५:२७-२८), हा योगायोग नव्हे.

मी मुलाला त्या पिल्लाची हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने मातीचे परळ पाण्याने भरून झाडाखाली सावलीत ठेवले. पावसाळ्यात आम्ही उंबराचे रोप लावणार आहोत. मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे पक्ष्याने खाल्ले तरी ते सदका ठरते, अशी शुभवार्ता बुखारी व मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत आहे.

हळद्या दुसऱ्या दिवशी आला नाही. परळ मात्र रोज भरले जाते. अल्लाह आपल्याला त्याच्या निर्मितीकडे मालक म्हणून नव्हे, तर अमानतदार म्हणून पाहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.