काळा मास्तर आणि धाक

‘टू सर, विथ लव्ह’ १९६७ मध्ये आला. लंडनच्या ईस्ट एंडमधला उनाड वर्ग आणि त्याला माणसाळवणारा सिडनी पॉयटिए. विनोद खन्नाच्या ‘इम्तिहान’मुळे हे कथानक आपल्याही ओळखीचे झाले. ज्यांच्या अनुभवांवर ते बेतले, ते ई. आर. ब्रेथवेट मुळात इंजिनिअर. रंगामुळे ते काम मिळेना, म्हणून त्यांनी खडू हाती घेतला. प्रेक्षकांच्या मनात हे राहिले नाही. राहिला तो वर्ग ताळ्यावर आणणारा काळा मास्तर.

अमेरिकेतल्या कित्येक शाळांना आजही असाच मास्तर हवा असतो. तिथल्या सरकारी शाळांत शंभरातली पंधराएक मुले कृष्णवर्णीय. शिक्षकांत कृष्णवर्णीय पुरुष मात्र शंभरात दोनसुद्धा नाहीत. जो एखादा असतो, त्याच्या वर्गात शेजारच्या वर्गांतली द्वाड पोरे पाठवली जातात. त्याचे गणित किती चांगले, हे विचारायला कुणी येत नाही. आपल्याकडेही ‘हेडसरांकडे पाठवीन’ अशी धमकी असते, पण तो धाक खुर्चीचा. इथे धाक देहाचा आहे. ज्या पुरुषाला रस्त्यात पाहून लोक बिचकतात, त्याच्याबद्दलची तीच भीती शाळा फुकटात वापरून घेते. ओबामांच्या काळात शिक्षणमंत्री झालेले जॉन किंग यांनी अशा जादा ओझ्याला ‘अदृश्य कर’ म्हटले होते. ते स्वतः कृष्णवर्णीय आणि पूर्वाश्रमीचे शिक्षक.

ही माणसे मुळात इतकी कमी का, याचे एक उत्तर १९५४च्या ब्राउन खटल्यापाशी सापडते. निकालाने वर्णानुसार वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. मुले हळूहळू एका शाळेत आली. त्यांचे शिक्षक बाहेरच राहिले. गोऱ्या पालकांना आपल्या मुलांपुढे काळा शिक्षक नको होता. ज्या टोपेका शहरातून खटला उभा राहिला, तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याने तर निकालाचीही वाट पाहिली नाही. १९५३ मध्येच त्याने काही कृष्णवर्णीय शिक्षिकांना पुढच्या वर्षी काम नसल्याची पत्रे धाडली. पुढच्या दशकभरात दक्षिणेतल्या व सीमेवरच्या १७ राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. समतेच्या निकालाची ही किंमत आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसते.

आता त्यांना परत बोलावणे चालू आहे. २०१७च्या एका अभ्यासाचा दाखला सतत दिला जातो: तिसरी ते पाचवीत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तर अतिशय गरीब घरांतल्या कृष्णवर्णीय मुलग्यांचे शाळा सोडण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटते. गंमत अशी, की प्राथमिक शाळांत शिकवतात त्या बहुतेक बायका. तरी याच आकड्यावरून ‘पोरांना आदर्श पुरुष हवा’ असा निष्कर्ष काढला जातो. घरात नसलेल्या बापाची जागा भरायची, असे त्यात न बोलता गृहीत असते. हे मला खटकते. शिक्षक म्हणून घ्यायचे आणि बाप नाहीतर फौजदार म्हणून राबवायचे.

संशोधक ट्रॅव्हिस ब्रिस्टल यांनी बोस्टनमधल्या कृष्णवर्णीय पुरुष शिक्षकांचा अभ्यास केला. शाळेत एकटा पडलेला शिक्षकच आधी सोडून जाईल, असे कुणालाही वाटेल. पण एकटे बरेचसे टिकले. जिथे असे चार-पाच जण एकत्र होते, तिथूनच अधिक गेले. तक्रार होती शाळेच्या अवस्थेबद्दल आणि वरिष्ठांच्या वागणुकीबद्दल.